चहाच्या पेल्यांचें तारेचें स्टँड

प्रवराकांठच्या अकोल्याच्या बाजारपेठेंत दुकानोदुकानीं चहा पोंचविणारा माणूस एका हातांत सहा पेले नेतो, तें तारेच्या स्टँडमुळें. कढत चहा हिंदकळला तर भाजतो त्याचाच हात. म्हणून ही साधी वस्तुही विचारपूर्वक घडवावी लागते.

पेला वर रुंद व खालीं निमुळता असतो. समजा, तोंड ६ सेंटिमीटर व बूड ५ सेंटिमीटर आहे. तर कडें ५.५ सेंटिमीटर व्यासाचें घ्यावें. त्यास सुमारें १७.३ सेंटिमीटर तार लागते, शिवाय सांध्यापुरती थोडी अधिक. दोन कड्यांचे मध्य मात्र ६.५ सेंटिमीटर अंतरावर हवेत. एरवीं पेल्यांचीं तोंडें एकमेकांवर आपटतील. पेला कड्यांत रुतला, तर काढतांना हिसका बसतो. यास्तव ओझें तळच्या तारेनें पेलावें. कड्यानें पेला केवळ कलूं देऊं नये.

मूठ मध्यावर व पेल्यांहून उंच असावी. ताट हातावर तोलावें लागतें. स्टँडचा भार मुठीखालीं लोंबतो, म्हणून हेलकाव्यानंतर तें आपोआप सरळ होतें. एकाच बाजूचे पेले आधीं उचलले, तर हा तोल ढळतो. एका कोपऱ्यांतला पेला दिल्यावर दुसरा समोरच्या कोपऱ्यांतलाच द्यावा.