मॅग्नेशियम : पिकाचे पोषणद्रव्य आणि हृदयाचा आधार

फरीदाबाद येथील केंद्रीय खत गुणवत्ता नियंत्रण व प्रशिक्षण संस्था आणि तिच्या नवी मुंबई, चेन्नई व कल्याणी येथील प्रादेशिक प्रयोगशाळा खत नियंत्रण आदेश, 1985 अन्वये खतांच्या नमुन्यांची तपासणी करतात. मॅग्नेशियम सल्फेट हे या आदेशात समाविष्ट असलेले खत होय. हाच क्षार औषधी शुद्धतेच्या स्वरूपात काही हृदयरुग्णांना शिरेतून दिला जातो. त्यामुळे या मूलद्रव्याविषयी गावपातळीवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे विस्तार कार्यकर्त्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

पिकातील कार्य

हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. कमतरता प्रथम जुन्या पानांवर दिसते. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, तर कपाशीची पाने लालसर होतात. अतिपावसाच्या आम्लधर्मी जमिनीतून मॅग्नेशियम वाहून जाते. पालाशयुक्त खतांच्या अतिरेकानेही त्याचे शोषण घटते.

हृदयातील कार्य

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत, तर 1 टक्क्याहूनही कमी रक्तद्रवात आढळते. म्हणूनच रक्ततपासणीतील प्रमाण सामान्य असले तरी पेशींत कमतरता असू शकते. हृदयाच्या स्नायूला ऊर्जा पुरविणारा एटीपी हा रेणू मॅग्नेशियमशी जोडला गेल्यावरच कार्यक्षम होतो. पेशींतील सोडियम-पोटॅशियमचा समतोल राखणे आणि कॅल्शियमच्या प्रवेशावर नियंत्रण ठेवणे, या कार्यांतही त्याचा सहभाग असतो. ठोक्यांची लय या समतोलावर अवलंबून असते.

हृदयविफलता आणि मॅग्नेशियम

हृदयविफलतेत, म्हणजेच हार्ट फेल्युअरमध्ये, हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता घटते. पायांवर सूज येते व धाप लागते. साचलेले पाणी काढण्यासाठी फ्युरोसेमाइडसारखी मूत्रल औषधे दिली जातात. मात्र मूत्रावाटे पाण्यासोबत पोटॅशियम व मॅग्नेशियमही बाहेर पडते. मॅग्नेशियम कमी झाले की मूत्रपिंडे पोटॅशियम धरून ठेवू शकत नाहीत. अशा वेळी केवळ पोटॅशियम देऊन भागत नाही. मॅग्नेशियमचीही भरपाई करावी लागते. दोन्ही घटल्यास ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

तथापि, मॅग्नेशियम हे सरसकट हृदयविकाराचे औषध नव्हे. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 2,316 रुग्णांवरील लिमिट-2 या ब्रिटिश चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यानंतर शिरेतून मॅग्नेशियम दिल्याने मृत्यू घटल्याचे दिसले. परंतु आयसिस-4 (1995, 58,050 रुग्ण) आणि मॅजिक (2002, 6,213 रुग्ण) या मोठ्या चाचण्यांत तसा लाभ आढळला नाही. कमतरता असेल तेथे ती भरून काढणे आणि विशिष्ट प्रकारच्या लयबिघाडात शिरेतून देणे, हाच त्याचा आजचा प्रमुख उपयोग आहे.

आहार

प्रौढांची दैनंदिन गरज साधारणतः 300 ते 400 मिलिग्रॅमच्या घरात असते. ज्वारी, बाजरी व नाचणीच्या 100 ग्रॅम धान्यात सुमारे 120 ते 150 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते 20 मिलिग्रॅमच्या आसपास उरते. डाळी, तीळ, शेंगदाणे व हिरव्या पालेभाज्या हेही चांगले स्रोत आहेत. धान्य भिजविणे, मोड आणणे वा आंबविणे यांमुळे त्यातील फायटेट घटून शोषण सुधारते.

घ्यावयाची काळजी

- खताच्या पोत्यातील मॅग्नेशियम सल्फेट कोणत्याही कारणास्तव पोटात घेऊ नये. खत आणि औषध यांच्या शुद्धतेचे निकष भिन्न आहेत.
- मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या शरीरात मॅग्नेशियम साचून रक्तदाब व ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना गोळ्या घेऊ नयेत.
- मूत्रल औषधे घेणाऱ्या रुग्णास स्नायूंत पेटके, अशक्तपणा वा छातीत धडधड जाणवल्यास औषध स्वतःहून बंद न करता त्वरित डॉक्टरांना दाखवावे आणि पोटॅशियमसोबत मॅग्नेशियमच्या तपासणीविषयी विचारावे.
- पिकास मॅग्नेशियम सल्फेट देण्यापूर्वी माती परीक्षण करून घ्यावे व परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह खरेदी करावी.