खंड्या, घुबड अन् वारूळ : हेही गुरुजीच!

शेतकरी बंधूंनो, विहिरीच्या काठावर बसलेला खंड्या तुम्ही रोज पाहता. सूर मारून मासा उचलतो, पण पाणी फारसं उडत नाही. असं का, हे तुमच्या पोरानं कधी विचारलं, तर त्याला ‘गप बस’ म्हणू नका. याच निरीक्षणातून जपानची रेल्वे सुधारली.

तिकडची बुलेट ट्रेन बोगद्यात शिरली की आतली हवा दाबली जाई आणि दुसऱ्या तोंडाने तोफेसारखा आवाज होई. आसपासच्या वस्तीला त्याचा जाच. एइजी नाकात्सु या इंजिनिअरांना पक्षी पाहण्याचा नाद होता. गाडीला खंड्याच्या चोचीसारखं लांब, निमुळतं तोंड देण्यात आलं. १९९७ पासून ती गाडी ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली. छतावरच्या वीज घेणाऱ्या दांड्याचा आवाज कमी करायला घुबडाचं पीस कामी आलं. त्याच्या कडेला बारीक दाते असतात, म्हणून घुबड आवाज न करता उडतं. आपण मात्र त्याला अपशकुनी म्हणून दगड मारतो. शेतातले उंदीर खातं तेच!

आफ्रिकेत, झिंबाब्वेच्या हरारे शहरात १९९६ साली ईस्टगेट ही मोठी इमारत उभी राहिली. मिक पिअर्स या वास्तुविशारदांनी कल्पना घेतली वाळवीच्या वारुळावरून. रात्रीची गार हवा काँक्रीट थंड करते, दिवसाची गरम हवा वरच्या धुराड्यांतून निघून जाते. नेहमीसारखा एसी तिथे लागत नाही.

आता आपल्या गावाकडे या. पत्र्याच्या वर्गखोल्या एप्रिलमध्ये भट्टीसारख्या तापतात. हाच प्रश्न गुरुजींनी मुलांपुढे टाकावा. पुस्तक बाजूला ठेवून आधी विचारावं, ‘हीच अडचण शिवारात कोणी सोडवली आहे?’ मुलं वारूळ दाखवतील, सुगरणीचा खोपा दाखवतील. मग पत्र्याचे दोन सारखे डबे उन्हात ठेवावेत. एकाला खाली आणि वर भोकं पाडावीत, दुसरा बंद ठेवावा. आत थर्मामीटर ठेवून दर अर्ध्या तासाला आकडा वहीत लिहावा. फरक पडला नाही, तर भोकांची जागा बदलावी. चुकलं म्हणून छडी नको, पुन्हा करून बघू द्या. मात्र वारूळ फोडू देऊ नका. दुरूनच पाहावं, आत साप असू शकतो.

सरपंच, ग्रामसेवक आणि शाळा व्यवस्थापन समितीने यात लक्ष घालावं. खर्च दोन थर्मामीटरचा. २०२० च्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्यातला एक दिवस शिवाराला द्या. डब्याचा प्रयोग जमला, तर मुलांची वही ग्रामसभेत वाचा आणि वर्गाच्या पत्र्याखाली हवेला वाट करून द्या. आपलं म्हणणं गावानं ऐकलं, हे पोरांना दिसलं पाहिजे.