अळ्यांची बाटली

दिलसुखनगर म्हटलं की हैदराबादच्या माणसाला साईबाबा मंदिरातली गुरुवारची गर्दी आठवते आणि कोचिंग क्लास आठवतात. बस डेपोपासून चैतन्यपुरीच्या दिशेनं मेट्रोच्या पुलाखालून चालू लागा. बँकेच्या परीक्षा, सॉफ्टवेअर, ग्रुप वन, ग्रुप टू, सगळ्यांच्या पाट्या डोक्यावर लटकलेल्या. त्यांतच शाळकरी मुलांसाठी ‘आयआयटी फाउंडेशन’. मागच्या गल्ल्यांत छोट्या खासगी शाळा आहेत. खाली झेरॉक्सचं दुकान, वर चौथीचा वर्ग. अशाच एका शाळेत निवृत्तीनंतर मी शनिवारी जातो. मुलांना शिकवायला नव्हे, त्यांना शिकवणाऱ्या मॅडमांबरोबर बसायला. त्यांतल्या एक माहेरच्या नांदेडच्या, त्यामुळे मराठीचीही सोय होते.

प्राथमिक शिक्षकांना विज्ञान येत नाही, ही तक्रार मी आयुष्यभर ऐकत आलो आणि ती मला कधीच पटली नाही. चौथीच्या पुस्तकातलं विज्ञान कुणालाही येतं. अवघड असतं ते आपल्याला ठाऊक असलेलं उत्तर ओठांआड ठेवणं. बी.एड.ला हे शिकवत नाहीत. हे शिकायचं तर शिक्षकानं आधी स्वतः बाकावर बसायला हवं.

पार्श्वभूमी एका दमात सांगतो. 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीम. 1964-66 चा कोठारी आयोग आणि पहिली दहा वर्षं सर्वांना विज्ञान हा त्याचा आग्रह. 1967 मध्ये बालभारती. 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि त्यातून आलेली ‘आसपास’ ही परिसर अभ्यासाची पुस्तकं. हे सगळं महत्त्वाचं आहे आणि हे सगळं कागदावर आहे.

कागदाबाहेरची गोष्ट मध्य प्रदेशात घडली. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सहावी ते आठवीसाठी प्रयोगातून विज्ञान सुरू केलं. पुढे ते जिल्हाभर पसरलं, आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’नं ते चालवलं. मला त्यातली उन्हाळी शिबिरं सर्वांत आवडतात. खेड्यातले गुरुजी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ एकाच टेबलाशी बसत. मुलांनी जे प्रयोग करायचे तेच गुरुजी आधी करत, फसत, वाद घालत. वर्षभर मासिक बैठका होत. परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी होती, कारण प्रश्नांची उत्तरं पुस्तकात सापडणारी नव्हती. ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक माणसाला मुलं पत्रं लिहीत आणि त्यांना खरी उत्तरं येत. 2002 मध्ये सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. त्याबद्दल मला आजही राग आहे, आणि दिवाळी अंकात राग व्यक्त करायला जागा असते म्हणून तो इथे नोंदवून ठेवतो.

1978 मध्ये टेल्कोतून वर्षभराची रजा काढून अरविंद गुप्ता होशंगाबादच्या या कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे काड्यापेटीच्या काड्यांना जोडून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. तेच पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत रमले. इकडे मुंबईत 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. तिथे वि. गो. कुलकर्णींसारख्या भौतिकशास्त्रज्ञानं पालिका शाळांतल्या मुलांकडे पाहून दाखवलं की अनेकदा मुलाची वाट विज्ञान अडवत नाही, पाठ्यपुस्तकाची भाषा अडवते. त्याच केंद्रात जयश्री रामदास यांच्या पुढाकारानं तिसरी ते पाचवीसाठी ‘स्मॉल सायन्स’ ही मालिका झाली. तिच्यातलं शिक्षकांचं पुस्तक मुलांच्या पुस्तकाइतकंच मन लावून लिहिलेलं आहे. मी मॅडमांना वाचायला दिलं ते हेच.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो. डास.

पावसाळा ओसरला की दिलसुखनगरात पाणी साचलेली कुंडी किंवा बंद पडलेला कूलर शोधायला लांब जावं लागत नाही. त्यातलं पाणी अळ्यांसकट रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत घ्यायचं, तोंडाला दुहेरी मलमलीचं कापड रबरानं घट्ट बांधायचं, बिस्किटाची चिमूटभर पूड टाकायची. जास्त टाकली तर पाण्यावर साय धरते आणि अळ्या मरतात. साधारण आठ-दहा दिवसांत सगळं नाटक संपतं. अंडी, अळी, कोष आणि डास ही साखळी चौथीच्या मुलाला चित्रासह पाठ असते. बाटलीतले प्राणी मात्र त्याला ओळखता येत नाहीत.

पहिल्यांदा बाटली मुलांपुढे न ठेवता मॅडमांपुढेच ठेवली. हॉलंडचे योस एल्स्टगीस्ट टांझानियात अनेक वर्षं शिक्षकांबरोबर राबले. ‘योग्य वेळी योग्य प्रश्न’ या त्यांच्या लेखातलं एक सूत्र मी पाळतो: ‘का’ हा प्रश्न लवकर काढायचा नाही. आधी काय दिसतं, किती, कुणासारखं, असं केलं तर काय होईल. अळ्या डोकं खाली करून पृष्ठभागाला लोंबतात हे दिसायला बराच वेळ गेला. बाटलीवर टिचकी मारली की सगळ्या तळाकडे पळतात, मग एकेक वर येते. ती खाली किती वेळ राहते? मोबाइलवर सेकंद मोजणं सुरू झालं आणि ‘हे पोर्शनमध्ये कुठे येतं?’ हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही.

नंतर वर्गात गंमत झाली. स्वल्पविरामासारखे वाकडे प्राणी पाण्यात उड्या मारायला लागले. एक मुलगा ठासून म्हणाला, हे कोष नव्हेत, दुसरेच किडे आहेत. रेशमाचा कोष कुठे हलतो? मॅडमच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, आन्सर बोल दूँ क्या?" मी हैदराबादी शिष्टाचाराला जागून "नक्को" म्हटलं. मग त्यांनीच मुलांना विचारलं, हे खरं की खोटं कसं शोधायचं? एका मुलीनं सुचवलं: एकच अळी वेगळ्या पेल्यात ठेवू. त्यात दुसरं काही आलं, तर ते तिचंच झालेलं असणार.

मला तिथेच रोनाल्ड रॉस आठवला. तो जिथे काम करायचा ती बेगमपेटेतली इमारत इथून फार लांब नाही, आजही उभी आहे. रॉस सैन्यातला डॉक्टर. डासांच्या जाती त्याला माहीत नव्हत्या, म्हणून तो रंगांवरून त्यांना स्वतःच नावं द्यायचा. डासांनी आधी कुणालाही चावलेलं नको, म्हणून तो त्यांना अळीपासून वाढवायचा. हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण, चावणाऱ्या डासामागे एक आणा घेऊन, आपलं अंग पुढे करायचा. 20 ऑगस्ट 1897 रोजी अशा डासाच्या पोटात रॉसला हिवतापाच्या जंतूच्या गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर त्यानं जंतूचं पूर्ण चक्र मांडलं आणि 1902 चं नोबेल मिळवलं. डास कुठून आला याची खात्री करून घ्यायची रॉसची युक्ती आणि त्या मुलीचा पेला यांत मला फार फरक दिसत नाही. मुलीला रॉस माहीत नव्हता, आणि मॅडमनी तो तेव्हा सांगितला नाही, याचं श्रेय मॅडमना.

पेल्यात अळीचा कोष झाला. दोन-तीन दिवसांनी कोष फुटून डास पाण्यावरच उभा राहिला. हरलेल्या मुलानं आपली चूक वहीत स्वतः लिहिली आणि खाली पुस्ती जोडली की रेशमाचा कोष एकदा पाण्यात टाकून पाहायला हवा.

यात अडचणीही आहेत. वर्गात पन्नास मुलं, तास चाळीस मिनिटांचा, आणि डेंगीच्या दिवसांत शाळेत अळ्या पाळता म्हणून पालकांचे फोन. त्यावर मॅडमनी पालकांनाच बाटली दाखवली. काही आया घरी जाऊन कुंड्यांखालच्या बश्या रिकाम्या करायला लागल्या. फवारणीच्या जाहिरातींपेक्षा हे स्वस्त पडतं असं माझं मत आहे.

सध्या वाद तेलाचा आहे. पाण्यावर खोबरेल तेलाचे थेंब सोडले की अळ्या मरतात, हे मुलांनी पाहिलं. एका गटाचं म्हणणं, तेल विषारी आहे. दुसरा गट म्हणतो, मग आपण ते डोक्याला कसं लावतो? अळी शेपटाकडच्या नळीनं वरची हवा घेते, हे वाक्य एका नव्या मॅडमच्या जिभेवर इतकं आलं होतं, की बाकीच्या दोघींनी त्यांना दंडाला धरून चहाला नेलं.