मुंबईचं तिकीट स्वस्त दिसतंय? थांबा, आधी घरापासूनचा हिशेब करा!

नाशिक : लेक बंगळुरूला नोकरीला, पोरगा दिल्लीत यूपीएससीच्या क्लासला, जावई दुबईला. तालुक्यातल्या घरांमध्ये आता विमानाचं तिकीट काढणं नवलाचं राहिलेलं नाही. पण तिकीट काढताना बहुतेक जण एकच आकडा बघतात, मोबाईलवर दिसणारा. खरा खर्च मात्र घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो.

उदाहरण घेऊ. निफाडचं एक जोडपं बंगळुरूला निघालंय. समजा, माणशी तिकीट मुंबईहून ४,२०० रुपये आणि ओझरहून ५,४०० रुपये आहे. म्हणजे दोघांचे मुंबईहून ८,४०० आणि ओझरहून १०,८००. मुंबई २,४०० नं स्वस्त. पण मुंबईला जायला खासगी गाडी केली आणि तिचे ५,००० झाले, तर बेरीज जाते १३,४०० वर. ओझरपर्यंत गाडीला ८०० दिले तरी एकूण ११,६०० च होतात. हेच जोडपं रेल्वेनं मुंबईला गेलं आणि रेल्वे-टॅक्सी मिळून १,२०० लागले, तर मुंबईच स्वस्त पडते, ९,६०० मध्ये. म्हणजे उत्तर तुम्ही कसं जाणार यावर आहे. आणि विमान पहाटेचं असेल तर रात्रभर जागायचं की लॉजवर थांबायचं, तेही त्याच हिशेबात धरा.

तालुक्याप्रमाणेही हे बदलतं. दिंडोरी, निफाड, चांदवडकरांना ओझर जवळ. येवला आणि सिन्नरवाल्यांनी शिर्डीचं विमानतळ नक्की तपासावं. ते शिर्डीत नाही, कोपरगाव तालुक्यात काकडीला आहे. इगतपुरीकरांना मात्र रेल्वे आणि समृद्धी महामार्ग दोन्ही हाताशी, त्यांनी ओझरकडे उलटं यायचं कारण कमीच. तिकीट शोधताना एकाच तारखेला तिन्ही विमानतळं टाकून बघा. नाशिकचा कोड आयएसके, शिर्डीचा एसएजी, मुंबईचा बीओएम.

ओझरबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. इथं विमानसेवा सुरू होते आणि बंदही पडते. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतून एअर डेक्कनची मुंबई-पुणे सेवा आली, टिकली नाही. २०१८ मध्ये जेट एअरवेजनं दिल्लीला विमान सुरू केलं, तर एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनीच थांबली. मार्च २०२३ पासून इंडिगो आली, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. वेळापत्रक दरवर्षी मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं. त्यामुळे शेजारच्यानं मागच्या वर्षी सांगितलेल्या विमानावर विसंबू नका.

आता दर वर-खाली का होतात ते बघू. एका विमानातल्या सगळ्या सीटा एका भावाच्या नसतात. कंपनी त्यांचे गट पाडते, स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो. इथंच एक गंमत आहे. स्वस्तातल्या दोनच सीटा उरल्या असतील आणि तुम्ही एकदम चार जणांचं तिकीट शोधलं, तर बऱ्याचदा चौघांनाही महागाचा भाव दाखवला जातो. म्हणून आधी एकट्याचं शोधा, मग चौघांचं. फरक दिसला तर दोन-दोन करून काढा. दिवाळी, मे महिना, लग्नसराई या काळात मात्र फार युक्त्या चालत नाहीत, लवकर काढणं हाच उपाय. तारीख एक-दोन दिवस मागे-पुढे करता आली तर बघा, आठवड्याच्या मधल्या दिवसांत भाव बरेचदा उतरलेला असतो.

सामानाचं विसरू नका. देशांतर्गत स्वस्त तिकिटात साधारण १५ किलो आत जमा करता येतं आणि ७ किलो हातात. लेकीसाठी शेवया, पापड, मसाला भरला की काटा कधी पुढं जातो कळत नाही, आणि काउंटरवर जादा किलोचे पैसे फार लागतात. जास्त सामान आहे हे माहीत असेल तर आधीच ऑनलाइन पैसे भरून टाका.

परदेशी जाणाऱ्यांसाठी. मालेगावहून उमराहला किंवा आखातात कामाला जाणाऱ्यांचा मार्ग मुंबईचाच. ओझरहून दिल्ली गाठून पुढं जायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे गेले म्हणून समजा, ती कंपनी जबाबदारी घेत नाही. परदेशाचं जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र घेतलं तर अनेकदा स्वस्त पडतं, देशात तसा फारसा फरक पडत नाही.

एजंटकडून काढताय? काढा, हरकत नाही. पण नुसत्या पीडीएफवर पूर्ण पैसे देऊ नका. त्यावरचा सहा अक्षरी पीएनआर आणि आडनाव विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, तिकीट तिथं दिसलं पाहिजे. रद्द करायला गुगलवर सापडलेल्या कुठल्याही 'हेल्पलाइन'ला फोन करू नका, नंबर कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

आणि तिकीट 'नॉन-रिफंडेबल' आहे म्हणून सगळे पैसे सोडून देऊ नका. डीजीसीएच्या नियमानुसार प्रवास झाला नाही तर सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. कंपनीनंच विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यातलं काय हवं ते तुम्ही मागू शकता. एजंटमार्फत काढलं असेल तर हा परतावा त्याच्याकडेच जमा होतो, तेवढा मागून घ्या.