हरणे आणि हरवून घेणे

घरात लहान मूल असले की मुद्दाम हरण्याची कला प्रत्येकाला आपोआप येते. कॅरमची राणी पॉकेटच्या तोंडाशी नेऊन आजोबांचा नेम 'चुकतो' आणि नातू टाळ्या पिटतो. या हरण्याला कुणी लबाडी म्हणत नाही, कारण नातवाच्या हसण्यापलीकडे आजोबांना त्यातून काही मिळवायचे नसते. मैदानावर मात्र एखादा संघ मुद्दाम हरतो आहे अशी शंका आली की आपले पित्त खवळते.

ही शंका मी मागच्या हिवाळ्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात ऐकली. शाळकरी मुलांचा बास्केटबॉलचा सामना होता. एक संघ ओळीने सामने हरत आलेला. शेवटच्या सत्रात त्यांचा सर्वांत उंच मुलगा बास्केटखाली नुसते हात वर करून उभा राही आणि समोरचा खेळाडू त्याच्या नाकासमोरून चेंडू टाकून जाई. माझ्या शेजारचे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "अहो, ही पोरं मुद्दाम हरतायत. काहीतरी सेटिंग आहे." दोघातिघांनी माना डोलावल्या. दोन पायऱ्या खाली त्या मुलाची आई बसली होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

जाणूनबुजून हरणारे जगात नाहीतच, असे म्हणण्याची सोय नाही. आपल्या नागपुरातच १९ मार्च २००० रोजी भारत व दक्षिण आफ्रिका यांच्यात एकदिवसीय सामना झाला. त्यात वीसपेक्षा कमी धावा करण्यासाठी कर्णधार हॅन्सी क्रोनिएने हर्शेल गिब्जला १५ हजार डॉलर देऊ केले होते. गिब्जने ते कबूल केले आणि मैदानात उतरून ५३ चेंडूंत ७४ धावा ठोकल्या! तरीही होकार दिल्याबद्दल त्याच्यावर सहा महिन्यांची बंदी आलीच. क्रोनिएवर तर आजन्म बंदी आली.

तिथे पैसा होता. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, गंमत वेगळी आहे. तिथे तळाला राहिलेल्या संघांना नव्या दमाचे खेळाडू निवडताना झुकते माप मिळते. दुबळ्याला हात द्यावा हा हेतू. पण मग काही संघ दुबळे राहण्यातच शहाणपण मानू लागले. म्हणून १९८५ पासून या निवडीसाठी सोडत काढली जाऊ लागली. तरी २०१५-१६ च्या मोसमात फिलाडेल्फियाचा संघ ८२ पैकी अवघे १० सामने जिंकला. यात खेळाडू चेंडू मुद्दाम बाहेर फेकत नव्हते. संघच कच्चा ठेवण्याचे धोरण वरच्या कचेरीत ठरले होते. पुढे २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची सारखीच, १४ टक्के संधी ठेवण्यात आली. तरी २०२३ मध्ये मोसमाच्या अखेरीस प्रमुख खेळाडूंना बसवून ठेवल्याबद्दल डॅलसच्या संघाला साडेसात लाख डॉलरचा दंड झालाच.

तिसरी तऱ्हा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दिसली. बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत पुढच्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून चार जोड्यांनी सर्व्हिस जाळीत मारायला सुरुवात केली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि दुसऱ्या दिवशी आठही जणींना स्पर्धेबाहेर काढण्यात आले. वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि तिची जोडीदार अश्विनी पोनप्पा याच स्पर्धेत तीनपैकी दोन सामने जिंकूनही एका गुणाच्या फरकाने बाद झाल्या. त्यांच्या गटातल्या एका सामन्याबद्दल भारताने तक्रार केली; ती फेटाळली गेली. पुढच्या ऑलिंपिकसाठी मात्र गटात दुसऱ्या आलेल्यांकरिता सोडतीचा नियम आला.

या तिन्ही गोष्टींत एक सूत्र आहे. हरण्यात कुणाचा तरी लाभ होता. म्हणून शंका आली की आधी विचारावे, हरून कुणाच्या पदरात काय पडले?

हा प्रश्न आमच्या त्या मुलांना लावून पाहा. आपल्याकडे तळाच्या शाळकरी संघाला कुणी बक्षीस देत नाही. उलट जे काही मिळते ते जिंकून पुढच्या पातळीवर जाणाऱ्याला: दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत, पुढे राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणाची आशा. हरणाऱ्याच्या वाट्याला फक्त घरी जाण्याची रिक्षा येते.

मग तो मुलगा नुसता उभा का होता? मी गुणलेखकाच्या टेबलाकडे जाऊन पाहिले. त्याच्या नावापुढे चार फाउल लागले होते. बास्केटबॉलमध्ये पाचवा फाउल झाला की खेळाडू बाहेर. हात सरळ वर ठेवून जागेवर उभे राहिले तर फाउल होत नाही. हात खाली आणला, की धोका. संघात बारा जण घेता येतात, पण त्या संध्याकाळी आले होते सातच. बाकीचे क्लासला. त्यातला एक आधीच पाच फाउलवर बसलेला. हा उंच मुलगाही गेला असता तर उरलेल्या पाचांपैकी एकालाही दम खायला बसता आले नसते. तो मुलगा सामना सोडून देत नव्हता, शेवटपर्यंत टिकून राहण्याची धडपड करत होता. दमलेल्या पायांनी मारलेला चेंडू रिंगपर्यंत पोचत नाही, हेही लांबून पाहणाऱ्याला आळसासारखेच दिसते.

मोठ्या स्पर्धांमध्ये पैसा आणि सवलती असतात, तिथे संशय घेणारे चौकस लोक हवेतच. नियम बदलले ते अशाच लोकांमुळे. पण तीच नजर शाळेच्या मैदानावर नेली तर नुकसान होते ते मुलांचे. हरल्याचे दुःख मूल दोन दिवसांत विसरते. 'तू मुद्दाम हरलास' हे सहजासहजी विसरत नाही, कारण ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा काही मार्गच त्याच्यापाशी नसतो. अशी मुले पुढच्या वर्षी मैदानाकडे फिरकत नाहीत, आणि मग सातांचे पाच व्हायला वेळ लागत नाही.

तेव्हा रविवारी मुलांचा सामना पाहायला जाल तर गुणांच्या आकड्याबरोबर फाउलचा रकानाही पाहा, आणि बाकावर किती जण बसलेत तेही मोजा. शंका तरीही उरली तर ती प्रशिक्षकांना सामना संपल्यावर, बाजूला घेऊन विचारा. पायऱ्यांवरून ओरडून नको. तिथे कुणाची तरी आई बसलेली असते.