दोरीवरचे धुणे आणि रानातली मोळी



पाणी आटवायला किती इंधन लागते, हे साखर कारखान्याच्या सभासदाला सांगायला नको. रस घट्ट करायचा तर बॉयलरमध्ये बगॅस जाळावा लागतो. झालेली वाफ वाया जाऊ नये म्हणून एकामागून एक पात्रांत फिरवावी लागते. ओला कपडा वाळवणे म्हणजेही पाणी घालवणेच. फरक इतकाच, की दोरीवर हे काम ऊन-वारा करतो आणि त्याचे बिल येत नाही.

हिशेब बघा. पाच किलो सुती कपड्यांत पिळल्यावरही तीन लिटर पाणी सहज राहते. आता कपडे वाळवायची यंत्रेही बाजारात मिळतात. साध्या हीटरच्या यंत्रात हे पाणी घालवायला कमीत कमी दोन युनिट वीज लागते. कोळशावरच्या एका युनिटाला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका धुण्यामागे सव्वा किलोच्या आसपास कोळसा गेला!

हा कोळसा निघतो आणि जळतो तो चंद्रपूरकडे. तिथल्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज क्षमता २,९२० मेगावॅट आहे. १९९९ पासून उच्च दाबाची वाहिनी तिथली वीज थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला पोचवते. वीज लांब जाते, धूळ मात्र तिथेच राहते. खाणींजवळच्या वस्त्यांत ती दोरीवरच्या धुण्यावर बसते.

त्याच चंद्रपूरमधून १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. दोन्हीकडे जंगल मोठे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अंगणात मोहफुले वाळतात, तिथेच लुगडे बघता बघता कोरडे होते. अडचण येते पावसाळ्यात. झड लागली, की ओले कपडे चुलीभोवती जातात आणि स्वयंपाक उरकला तरी चूल पेटती ठेवावी लागते. कपड्यांना धुराचा वास लागतो तो वेगळाच.

ते सरपण येते रानातून, बहुधा बाईच्या डोक्यावर. आणि रानात वाघ आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्या सरपणासाठी गेल्या नव्हत्या. पण मोळीची वाटही अशाच रानातून जाते. तिथे एक मोळी कमी लागली, तर एक खेप टळते.

उपाय साधा आहे. ऊन नसले तरी वारा कपडे वाळवतो. म्हणून दोरी बंद खोलीत नको, दोन बाजूंनी उघड्या ओसरीत किंवा पडवीत बांधा. कपडे घट्ट पिळा, झटका, दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवा. चादर-सतरंजीसाठी हातभर अंतराने दोन समांतर दोऱ्या बांधून कपडा दोन्हींवरून टाका. मधून वारा खेळतो. पावसात सगळे धुणे एकदम काढू नका, रोज थोडे धुवा.

आणि हे काम बाईनेच करावे असे कुठे लिहिलेले नाही. ओली चादर पिळायला दोन माणसे लागतात. झड सुरू व्हायच्या आत ओसरीत एक दोरी बांधून घ्यावी, ही विनंती.