फाईलमधली सर्वांत मोठी संख्या शोधणे

आजच्या व्याख्यानात आपण शेल वापरून फाईलमधली सर्वांत मोठी संख्या कशी काढायची ते पाहू. काम एका ओळीचं आहे. पण उत्तर चुकलं तरी शेल तक्रार करत नाही. चुकीचा आकडा मुकाट्याने छापला जातो आणि तोच पुढे अहवालात जातो. म्हणून नीट समजून घेऊ.

‘पाऊस’ नावाची फाईल घेऊ. प्रत्येक ओळीवर एक आकडा, मिलिमीटरमध्ये: १२६, ९८, ९४४, ७. यातला ९४४ खरा आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईच्या सांताक्रूझला २४ तासांत तेवढी नोंद झाली. बाकीचे उदाहरणापुरते. एक लक्षात ठेवा, फाईलमध्ये आकडे इंग्रजी अंकांतच टाईप करायचे. देवनागरी अंकांना या आज्ञा संख्या मानत नाहीत.

आधी सॉर्ट. फाईल सॉर्टला दिली, निकाल पाइपमधून टेलकडे पाठवला आणि शेवटची एक ओळ मागितली. उत्तर येतं ९८! मग ९४४ चं काय झालं? सॉर्ट ओळींकडे मजकूर म्हणून पाहतो, शब्दकोशात शब्द लावावेत तसं. पहिलं अक्षर दोन्हीकडे ९. दुसरं अक्षर इकडे ८, तिकडे ४. आठ मोठा, म्हणून ९८ खाली गेला. तिसऱ्या अक्षरापर्यंत गोष्ट पोचलीच नाही.

उपाय सोपा आहे. सॉर्टला ‘वजा एन’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे तो ओळी संख्या म्हणून लावतो. क्रम होतो ७, ९८, १२६, ९४४, आणि टेल बरोबर ९४४ देतो.

पण आपल्याला हवी एकच संख्या, आणि त्यासाठी आपण सगळी फाईल क्रमाने लावली. फाईल लाखो ओळींची असेल तर हे जादा काम आहे. तिथे ऑक वापरू. १९७७ साली बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांनी तो तयार केला. नावही त्यांच्या आद्याक्षरांवरून. ऑक फाईल एकदाच वाचतो. ‘मोठा’ नावाचा एक चल ठेवायचा. ओळीतली संख्या त्याहून मोठी असेल तर ती त्यात टाकायची, आणि शेवटी ‘एंड’ भागात तो छापायचा.

आता प्रश्न असा, की सुरुवातीला ‘मोठा’ किती? काही दिलं नाही तर ऑक शून्य धरतो. पावसाला ते चालतं. पण समजा, द्रासचं जानेवारीतलं किमान तापमान आहे: वजा १८, वजा २२, वजा ९. यातलं काहीच शून्याहून मोठं नाही. म्हणजे ‘मोठा’ मध्ये काही जातच नाही, आणि वजा ९ हे खरं उत्तर हाती येत नाही. म्हणून नियम असा: पहिल्या ओळीतली संख्या हाच सुरुवातीचा ‘मोठा’. ऑकमध्ये ओळीचा क्रमांक ‘एनआर’ मध्ये असतो. तो १ असेल तेव्हा तुलना न करता संख्या घ्यायची. पहिली ओळ मथळ्याची असेल तर ती सोडून दुसरीपासून सुरुवात करायची.

स्क्रिप्ट खऱ्या फाईलवर चालवण्याआधी पाच ओळींच्या फाईलवर चालवून बघा. त्यात एकअंकी, तीनअंकी आणि ऋण संख्या ठेवा. नंतर फक्त ऋण संख्यांची दुसरी फाईल करा. दोन्हींचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे चूक तिथेच सापडते.

पुढच्या वेळी याच पद्धतीने सर्वांत लहान संख्या काढू. तोवर ती स्वतः करून पाहा.